बावळट कोण?

सदर : पंखांच्या राज्यात

दोस्तांनो, आजचा लेख वाचायला बसण्याआधी एक काम करा. घरात सुतळीचा गुंडा असेल तर तो घेऊन या. शाळेची एक फुटी पट्टी घ्या आणि तिने सुतळी सात वेळा मोजा. वर आणखी साडेचार इंच सोडा आणि तिथे गाठ मारा. झाली सव्वादोन मीटर! आता एक टोक दाराच्या कडीला बांधा आणि दुसरं टोक ताणून धरून मागे मागे सरका. घरातला सगळ्यात उंच माणूस जमिनीवर आडवा झोपला, तरी सुतळी त्याच्या पुढे जाते की नाही?

ही सुतळी म्हणजे एका पक्ष्याचे पसरलेले दोन पंख! या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुतळी तशीच बांधून ठेवा, सोडू नका. लेख संपेपर्यंत ती आपल्याला लागणार आहे.

हा पक्षी आहे अल्बट्रॉस. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर तुम्ही कुरव पक्ष्यांचे थवे पाहिले असतील. पण अल्बट्रॉस आपल्याकडे फिरकत नाही, म्हणून मराठीत त्याला रूढ असं नावही नाही. त्याच्या वीसेक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या वादळी समुद्रांवर राहतात. तिथल्या सर्वांत मोठ्या भटक्या अल्बट्रॉसचे पंख तर तीन मीटरांच्याही पुढे जातात. उत्तर पॅसिफिक महासागरात मात्र नेमाने आढळणाऱ्या जाती तीनच. त्या तिघांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्मिळ तो आपला आजचा पाहुणा, आखूड शेपटीचा अल्बट्रॉस.

जपानी भाषेत त्याला म्हणतात 'अहोदोरी'. नाव ऐकून हसू आलं ना? पण हे आपलं 'अहो, जरा इकडे या' मधलं मानाचं 'अहो' नव्हे बरं का! जपानीत 'अहो' म्हणजे मूर्ख, बावळट आणि 'दोरी' म्हणजे पक्षी. अहोदोरी म्हणजे बावळट पक्षी! आता हा खरंच बावळट आहे का, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

वाऱ्यावर स्वार

आधी त्याचं रूप बघा. पाठ आणि पोट पांढरंशुभ्र. पंखांच्या कडा काळ्या. डोकं आणि मान हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी सोनेरी पिवळी. चोच चांगली लांब, गुलाबी आणि टोकाला निळसर. वजन चार किलोपासून सहा-सात किलोपर्यंत. पिल्लू मात्र गडद तपकिरी असतं. अंगभर पांढरा रंग चढायला त्याला बरीच वर्षं लागतात. त्यामुळे जाणकार माणूस नुसत्या पिसांच्या रंगावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधू शकतो.

एवढं वजन घेऊन हा पक्षी हजारो किलोमीटर उडतो आणि तेही पंख फारसे न हलवता! कसं काय?

आपल्याकडची घार आठवा. दुपारी ऊन तापलं की जमिनीवरची गरम हवा वर चढते आणि घार त्या हवेच्या जिन्यावरून गोल गोल फिरत वर जाते. पण समुद्रावर असा जिना सहसा मिळत नाही. तिथे अल्बट्रॉसने दुसरीच युक्ती शोधली आहे.

समुद्राला लागून वाहणारा वारा लाटांना घासून मंद होतो. तोच वारा दहा-पंधरा मीटर वर मात्र जोरात वाहत असतो. अल्बट्रॉस लाटांच्या अगदी जवळून येतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि एखाद्या पतंगासारखा झरकन वर चढतो. वर जोराचा वारा मिळाला की अंग कलवून वळतो आणि वाऱ्याच्याच दिशेने खाली घसरतो. घसरताना वेग वाढतो. त्या वेगाच्या जोरावर तो पुन्हा वळतो आणि पुन्हा वर! झोपाळ्यावर बसून नुसतं अंग पुढे-मागे केलं तरी झोके मोठे होत जातात ना, थोडंफार तसंच. फरक एवढाच की तुमचा झोपाळा तिथल्या तिथे हलतो आणि याचा झोपाळा महासागर ओलांडून जातो.

पंख तासन्‌तास पसरून ठेवायचे म्हणजे खांदे भरून येणार. तुम्ही हात आडवे करून पाच मिनिटं उभे राहून बघा! पण अल्बट्रॉसच्या खांद्यात स्नायूची एक अशी दोरी असते, की पंख पूर्ण उघडला की तो जणू खिट्टी लावल्यासारखा जागच्या जागी अडकतो. मग तो धरून ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. भटक्या अल्बट्रॉसच्या हृदयाचे ठोके शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहेत. शांत बसलेला असताना त्याच्या हृदयाचे जेवढे ठोके पडतात, त्याहून थोडेसेच जास्त ठोके हवेत तरंगताना पडतात!

पण वारा पडला, की हा राजा पायउतार झालाच म्हणून समजा. मग मुकाट्याने पाण्यावर बसायचं आणि वाऱ्याची वाट बघायची.

खारं पाणी, ताजं जेवण

समुद्रावर महिनोन्‌महिने राहायचं तर प्यायचं काय? आपण समुद्राचं पाणी प्यायलो तर तहान भागण्याऐवजी वाढेल. अल्बट्रॉस मात्र ते बिनधास्त पितो. त्याच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तात आलेलं जादा मीठ त्या गाळून काढतात आणि खारट थेंब चोचीवरून टपकत राहतात. जणू घरातच पाणी शुद्ध करायचं यंत्र!

चोचीवर नाकाच्या दोन बारीक नळ्या असतात. वास घेण्यात अल्बट्रॉस भलतेच तरबेज. जेवण म्हणजे माकूल, मासे, माशांची अंडी आणि कोळंबीसारखे छोटे जीव. जहाजांतून फेकलेलं उरलंसुरलं मासळीचं खाद्यही त्यांना चालतं. ही शेवटची सवय लक्षात ठेवा. तिच्यामुळे पुढे काय घडतं ते येणारच आहे.

उन्हाळ्यात हे पक्षी पार उत्तरेला, अलास्काच्या आणि बेरिंगच्या थंड समुद्रांवर असतात. तिथे खायला भरपूर. पण पाण्यावर घरटं बांधता येत नाही. त्यासाठी जमीन लागते. म्हणून थंडीच्या सुरुवातीला सगळे निघतात ते एका चिमुकल्या बेटाकडे.

पक्ष्यांचं बेट

त्या बेटाचं नाव तोरिशिमा. 'तोरी' म्हणजे पक्षी, 'शिमा' म्हणजे बेट. टोकियोपासून दक्षिणेला जवळजवळ सहाशे किलोमीटर. म्हणजे मुंबईहून गोव्याला जाण्याएवढं अंतर, पण सगळं पाण्यावरून! बेट जेमतेम अडीच किलोमीटर रुंद आहे आणि ते म्हणजे एक जिवंत ज्वालामुखीच आहे. या जातीचे बहुतेक पक्षी इथेच जन्मतात. सेन्काकु नावाच्या दुसऱ्या बेटांवरही त्यांची एक वस्ती आहे.

ऑक्टोबर महिन्यात पक्षी बेटावर उतरू लागतात. गेल्या वर्षीची जोडी पुन्हा भेटते. अल्बट्रॉसची जोडी सहसा आयुष्यभराची असते. तरुण पक्षी मात्र जोडीदार शोधण्यासाठी नाच करतात. मान उंच करायची, चोच आकाशाकडे रोखायची, कटकट वाजवायची, पंख अर्धे उघडून वाकायचं. समोरच्याने तशीच साथ दिली तर सूर जुळला! हा नाच एका दिवसात जमत नाही. कित्येक पक्ष्यांना त्यासाठी दोन-तीन हंगाम सराव करावा लागतो.

मग जमिनीतल्या छोट्या खळग्यात मादी अंडं घालते. किती? फक्त एक. वर्षातून एकदाच. ते फुटलं, घरंगळलं, तर त्या वर्षी दुसरं नाही. आई आणि बाबा पाळीपाळीने ते उबवतात. एक अंड्यावर, एक समुद्रावर. दोन महिन्यांहून थोडे अधिक दिवस असंच चालतं. डिसेंबर-जानेवारीत पिल्लू बाहेर येतं. मग दोघंही समुद्रावर जाऊन खाणं आणतात. पोटात साठवलेलं माशांचं आणि माकुलांचं तेलकट मिश्रण ते पिल्लाच्या चोचीत ओततात. तुम्हाला किळस येईल, पण पिल्लासाठी ते दूध-तूपच!

पाच महिन्यांत पिल्लू आई-बापाएवढं होतं. मे महिन्यात आई-बाप बेट सोडून उत्तरेकडे निघून जातात. पिल्लाला उडायला कुणी शिकवत नाही. भूक लागते, तसं ते पंख पसरून वाऱ्याला उभं राहतं, उड्या मारून बघतं आणि एके दिवशी कड्यावरून स्वतःला समुद्रावर झोकून देतं. त्यानंतर कित्येक वर्षं ते जमिनीपासून दूर, समुद्रावरच भटकत राहतं. अंडं घालायला सुरुवात होते ती साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर.

म्हणजे काय? एक जोडी, वर्षाला एक अंडं, तेही पाच-सहा वर्षं थांबल्यावर. हा हिशेब डोक्यात ठेवा. आता पुढची गोष्ट जरा मन घट्ट करून वाचा.

बावळट का म्हणायचे?

हवेत राजासारखा दिसणारा हा पक्षी जमिनीवर आला की त्याची फजिती होते. लांब पंख आवरताना तो धडपडतो, बदकासारखा डुलत चालतो. आणि उडायचं म्हटलं तर विमानासारखं आधी पळावं लागतं! सपाट जागेवर वारा नसेल तर तो लवकर उडूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या बेटावर वाघ, कोल्हा, मांजर, माणूस असं कुणीच नव्हतं. हजारो वर्षं या पक्ष्यांना जमिनीवरून चालत येणाऱ्या शत्रूची ओळखच नव्हती. म्हणून माणूस जवळ आला तरी ते पळत नसत. घरट्यावर बसलेला पक्षी तर अंडं सोडून हलतच नसे.

याला माणसांनी नाव दिलं, बावळटपणा.

१८८७ साली तोरिशिमावर पिसं गोळा करणाऱ्यांची वसाहत झाली. अल्बट्रॉसच्या मऊ पिसांच्या गाद्या-उश्या होत. त्या पिसांना परदेशात मोठी मागणी होती. पक्षी मारायला बंदूक लागत नव्हती. नुसती काठी पुरे. एक माणूस दिवसाला शे-दोनशे पक्षी मारत असे. जवळपास पंधरा वर्षांत या एका बेटावर सुमारे पन्नास लाख अल्बट्रॉस मारले गेले असा अंदाज आहे. पन्नास लाख! आकडा वाचून काही डोळ्यांपुढे येत नाही ना? मग तुमच्या दारातली ती सुतळी एकापुढे एक पन्नास लाख वेळा ठेवा. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचं अंतर तीन वेळा पार होईल.

१९०२ सालच्या ऑगस्टमध्ये ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला आणि बेटावरची सव्वाशे माणसं मरण पावली. एकही वाचलं नाही. त्यांत घरंच्या घरं होती. फार वाईट घटना होती ती. पक्षी मात्र त्या वेळी नेहमीप्रमाणे उत्तरेच्या समुद्रावर होते, म्हणून वाचले. पण पुढे पुन्हा माणसं आली, पुन्हा शिकार सुरू झाली. १९३३ साली शिकारीवर बंदी येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बंदीआधीच हात मारून घ्यावा म्हणून लोकांनी उरलेल्यांतले तीनेक हजार पक्षी मारले असं सांगतात. बंदी आली तोवर राखायला फारसं काही उरलंच नव्हतं. त्यातच १९३९ साली ज्वालामुखी पुन्हा भडकला.

१९४९ साली ऑलिव्हर ऑस्टिन नावाचे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ या भागातल्या बेटांना फेरी मारून गेले. एकही अल्बट्रॉस दिसला नाही. ही जात संपली, असं त्यांनी जाहीर केलं.

दहा पक्षी!

पण थांबा. समुद्रावर वर्षानुवर्षं भटकणारे ते तरुण पक्षी आठवतात ना? बेटावर कत्तल चालू असताना त्यांतले काही दूर कुठेतरी लाटांवर तरंगत होते. बेट त्यांनी पाहिलं होतं ते फक्त पिल्लू असताना.

तोरिशिमावर तेव्हा एक हवामान केंद्र होतं. १९५१ च्या जानेवारीत तिथले एक कर्मचारी, शोजी यामामोतो, बेटावर फिरत असताना एका उतारावर त्यांना मोठे पांढरे पक्षी दिसले. मोजले तर दहाच्या आसपास. संपलेला पक्षी परत आला होता!

हवामान केंद्रातल्या लोकांनी त्या पक्ष्यांची जमेल तशी राखण केली. पण १९६५ साली भूकंपाचे धक्के बसू लागले. ज्वालामुखी पुन्हा फुटणार अशी भीती वाटून सगळ्यांना बेट सोडावं लागलं. पक्षी पुन्हा एकटे पडले.

१९७३ साली लान्स टिकेल नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ एवढ्या लांबून तोरिशिमावर येऊन गेले. परतताना ते क्योटो शहरात थांबले. तिथे विद्यापीठात शिकणाऱ्या एका तरुणाने त्यांच्याकडून या पक्ष्यांची हकिगत ऐकली. त्याचं नाव हिरोशी हासेगावा. आपल्याच देशातला हा पक्षी बघायला इंग्लंडहून माणूस येतो आणि आपण मात्र काही करत नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली.

पंधरा पिल्लं

१९७७ च्या मार्चमध्ये हासेगावा तोरिशिमावर उतरले. बेटाला बोट लावायला धक्का नाही. छोट्या होडीतून खडकावर उतरायचं, सामान पाठीवर घ्यायचं आणि डोंगर चढून पलीकडे जायचं. त्यांनी पिल्लं मोजली. भरली पंधरा.

पंधरा म्हणजे तुमच्या वर्गातल्या दोन-तीन रांगांतली मुलं! एवढ्यांवर एका जातीचं भवितव्य.

पुढची चाळीसहून अधिक वर्षं हासेगावा बेटावर जात राहिले. पक्षी मोजायचे, पिल्लांच्या पायात कडी अडकवायची, काय बिघडतंय ते नीट बघायचं. आणि बिघडतंय काय, ते त्यांना लवकरच कळलं.

पक्ष्यांची वस्ती एका उभ्या उतारावर होती आणि तो उतार ज्वालामुखीच्या भुसभुशीत राखेचा. राख खाली सरकली की अंडी घरंगळत. निम्म्याहून अधिक अंडी किंवा पिल्लं वाया जात. मग १९८१ आणि १९८२ मध्ये त्या उतारावर गवताचे ठोंब लावण्यात आले. आपल्याकडे शेताच्या बांधावर माती धरून ठेवायला गवत राखतात ना, तोच उपाय! गवताने राख धरून ठेवली, वाऱ्यालाही आडोसा झाला. लगेच फरक पडला. आता तीन अंड्यांपैकी दोनांतून पिल्लू मोठं होऊन उडू लागलं.

पण १९८७ मध्ये त्या उताराच्या वरच्या बाजूची दरड कोसळली. पावसात चिखलाचे लोट वस्तीतून वाहू लागले. पुन्हा डागडुजी सुरू झाली. हासेगावांना कळून चुकलं, की सगळी अंडी एकाच टोपलीत आणि ती टोपलीही डळमळीत! पक्ष्यांना दुसरी, सपाट आणि सुरक्षित जागा दाखवायला हवी. पण पक्ष्यांना पत्ता कसा सांगायचा?

खोटे पक्षी, खरे पाहुणे

अल्बट्रॉस घरटं बांधतो ते आपल्या भाईबंदांच्या शेजारात. म्हणून जपानमधल्या यामाशिना पक्षी संशोधन संस्थेने हुबेहूब अल्बट्रॉससारखे दिसणारे पुतळे तयार केले. बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या सपाट उतारावर ते ऐटीत मांडले आणि ध्वनिक्षेपकावरून अल्बट्रॉसच्या वस्तीतला कलकलाट लावून ठेवला. वरून जाणाऱ्या पक्ष्याला वाटावं, अरे वा, इथे तर जत्रा भरली आहे!

काही पक्षी उतरले. कुणी पुतळ्यांसमोर नाचही करून दाखवला. एका नराचा तर एका पुतळ्यावरच जीव जडला. समोरून काही उत्तर येत नाही तरी तो आपला नाचतोच आहे! हसायला येतं, पण जरा वाईटही वाटतं, नाही का?

१९९५ साली पहिल्या जोडीने तिथे खरं अंडं घातलं आणि पुढच्या वर्षी पिल्लू उडालं. वाटलं, जमलं! पण नंतर बरीच वर्षं तिथे जेमतेम तेवढी एकच जोडी. तुम्ही-आम्ही असतो तर पुतळे गोळा करून घरी आलो असतो. ती माणसं थांबली. २००४ साली आणखी जोड्या आल्या आणि मग वस्ती भराभर वाढू लागली.

हेलिकॉप्टरमधली पिल्लं

तरीही एक भीती होतीच. ज्वालामुखी मोठ्याने फुटला तर? दोन्ही वस्त्या एकाच बेटावर. म्हणून तोरिशिमापासून साडेतीनशे किलोमीटर दूर असलेलं मुकोजिमा हे बेट निवडलं. तिथे ज्वालामुखीचं भय नाही.

मोठे पक्षी नेऊन उपयोग नव्हता, कारण अल्बट्रॉस जिथे मोठा होतो तिथेच परततो. मग महिना-सव्वा महिन्याची पिल्लं न्यायची ठरलं. आधी दुसऱ्या, संख्येने जास्त असलेल्या अल्बट्रॉसच्या पिल्लांवर सराव केला. मग २००८ साली दहा पिल्लं हेलिकॉप्टरने मुकोजिमाला नेली. तिथे शास्त्रज्ञ तंबू ठोकून राहिले आणि रोज मासे व माकुलं बारीक करून पिल्लांना भरवू लागले. पाच वर्षांत अशी सत्तर पिल्लं नेली. किती जगून उडाली असतील? एकोणसत्तर!

पिल्लं उडाली, समुद्रावर गेली आणि दिसेनाशी झाली. आता फक्त वाट बघायची. ती आपलं नवं घर लक्षात ठेवतील का? २०११ साली त्यांतले पहिले पक्षी मुकोजिमावर परत आले. आणि २०१६ साली, म्हणजे पहिल्या हेलिकॉप्टर फेरीनंतर आठ वर्षांनी, त्या बेटावर वाढलेल्या नराचं पिल्लू त्याच बेटावरून आकाशात झेपावलं.

पॅसिफिकच्या मध्यावर मिडवे नावाचं बेट आहे. तिथेही असेच पुतळे मांडले होते. २०११ च्या जानेवारीत तिथे एका जोडीचं पिल्लू जन्मलं. मार्चमध्ये जपानजवळ भयंकर भूकंप झाला आणि सुनामीची लाट मिडवेपर्यंत पोहोचली. पिल्लू घरट्यातून वाहून गेलं! तिथल्या कर्मचाऱ्यांना ते काही अंतरावर जिवंत सापडलं. त्यांनी ते उचलून घरट्याजवळ ठेवलं आणि ते वाढून मोठं झालं.

आज काय?

२०२० च्या सुमारास आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसची संख्या सात हजारांच्या पुढे गेली होती. दहावरून सात हजार! गणितातलं चक्रवाढ व्याज आठवा. वर्षाला सात-साडेसात टक्के वाढ म्हणजे साधारण दहा वर्षांनी दुप्पट. सुरुवातीला काहीच हलत नाही असं वाटतं, मग आकडे पळू लागतात. पण त्यासाठी पहिली वीस-पंचवीस वर्षं कुणीतरी मुद्दल सांभाळावं लागतं.

धोके संपलेले नाहीत. समुद्रात मासेमारीच्या मोठ्या बोटी कित्येक किलोमीटर लांब दोरीला हजारो गळ लावून सोडतात. गळाला आमिष असतं. बोटीमागे खाद्य मिळतं ही सवय लागलेला अल्बट्रॉस आमिषावर झडप घालतो, अडकतो आणि पाण्याखाली ओढला जातो.

यावरचा उपाय किती सोपा आहे बघा. बोटीच्या मागे उंच काठीला लांब दोरी बांधायची आणि तिला रंगीत फिती लटकवायच्या. फिती फडफडल्या की पक्षी बिचकून गळापासून लांब राहतो. आपलं शेतातलं बुजगावणंच जणू! ही युक्ती मुळात जपानी मच्छीमारांनीच काढली. अलास्कामध्ये २००४ पासून अशा बोटींना ती सक्तीची आहे. पक्षी वाचतात आणि आमिषही वाचतं.

दुसरा धोका प्लास्टिकचा. पाण्यावर तरंगणारा तुकडा पक्ष्याला खाणं वाटतो आणि तो पिल्लाच्या पोटात जातो. नदी-नाल्यात टाकलेली वस्तू समुद्रालाच जाऊन मिळते, हे वेगळं सांगायला नकोच.

आता ती सुतळी सोडा आणि गुंडाळून ठेवा. गुंडाळता गुंडाळता सुरुवातीचा प्रश्न आठवा. ज्याने हजारो वर्षं कुणाचं वाईट केलं नाही, म्हणून ज्याला पळून जायचं माहीत नव्हतं, तो बावळट? की उशा भरण्यासाठी पन्नास लाख पक्षी मारून शेवटी स्वतःचा धंदाही बुडवून बसणारे बावळट?

हासेगावांना तर हे नावच आवडलं नाही. या पक्ष्याला आता चांगलं नाव द्या, असा त्यांनी आग्रह धरला. त्यांनी सुचवलेलं नाव आहे 'ओकिनोतायू'. त्याचा अर्थ साधारण असा, की खोल समुद्रावरचा मानकरी. म्हणजे आपलं मानाचं 'अहो' त्याला शेवटी लागू पडलंच म्हणायचं!

झटपट ओळख

नाव : आखूड शेपटीचा अल्बट्रॉस
पंखांची लांबी : सुमारे सव्वादोन मीटर
अंडी : वर्षाला एक
मुख्य वस्ती : तोरिशिमा बेट, जपान
उन्हाळ्यात मुक्काम : अलास्का आणि बेरिंगचा समुद्र

करून पाहा

१. दहा पक्ष्यांची संख्या दर दहा वर्षांनी दुप्पट झाली, तर सत्तर वर्षांनी किती होईल? उत्तर सात हजारांपेक्षा कमी येतं की जास्त? तसं का होत असेल, यावर घरी चर्चा करा. (इशारा : १९५१ साली यामामोतोंना दिसले ते सगळेच्या सगळे पक्षी होते का? काही समुद्रावर असतील का?)

२. तुमच्या परिसरातली एखादी घार पंधरा मिनिटं बघा. तिने पंख किती वेळा हलवले ते मोजा आणि वेळ, ऊन, वारा यांची नोंद करून आम्हाला लिहून पाठवा.

पुढच्या अंकात भेटू या अशा एका पक्ष्याला, जो स्वतःचं घरटं कधीच बांधत नाही आणि तरीही त्याची पिल्लं लाडात वाढतात. ओळखा पाहू कोण?